सोजरमावशीची चूलबंद सभा

परवा आमच्या इमारतीच्या जिन्यात दोघीजणी एका पोरीबद्दल बोलत उभ्या होत्या. पोरगी वरच्या मजल्यावरची, कॉलेजात जाणारी. तापातून उठून बरेच महिने झाले तरी तिचं अंथरूण काही सुटेना. "सगळे रिपोर्ट नॉर्मल हैत म्हणे," एक म्हणाली. "मग काय, अभ्यासाचा कंटाळा," दुसरी म्हणाली. माझ्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या, नाहीतर दोघींना तिथंच थांबवून चार गोष्टी ऐकवल्या असत्या. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे परभणीत येऊन मला फार दिवस झाले नाहीत तरी सगळ्यांना कळून चुकलंय. घरात आले, पिशव्या आपटल्या, आणि सोजरमावशी आठवली. ती भांडली नसती. ती त्या पोरीच्या उशाशी जाऊन बसली असती.

परभणीला येण्याआधी मानवतला माझं शिवणकाम होतं. पुढच्या खोलीत मशीन, मशीनसमोर खिडकी आणि बोळाच्या पलीकडं थेट मावशीचं अंगण. ब्लाउजला हूक लावता लावता त्या घरातला निम्मा संसार मी बघितलाय. घरात माणसं तीन. मावशी, तिचा मुलगा गजानन आणि सून अनिता. गजानन कापसाच्या जिनिंगवर कामाला. मावशीचा नवरा पुण्याकडं कुठंतरी वॉचमन होता, तो सणावारालाच उगवायचा.

गल्लीत कुणाकडं बारसं असो की डोहाळजेवण, आवतन द्यायला मावशीच लागायची. छापील पत्रिका घरात येऊन पडली तरी मावशी दारात येऊन बोलल्याशिवाय कुणी ते बोलावणं धरायचं नाही. त्यातही प्रकार असायचे. "घरटी एक" म्हणजे घरातून एकानंच यायचं. "बायामाणसं" म्हणजे पुरुषांनी घरी जेवायचं. आणि "चूल बंद" म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायचीच नाही, लेकरंबाळं, आलेले पाहुणे, सगळ्यांनी तिकडंच जेवायचं. यात चूक झाली की पंगतीत अन्न कमी पडायचं आणि यजमानाची अब्रू जायची. मावशीची कधी चूक झाली नव्हती. हातात कुंकवाचा करंडा, पदर डोक्यावर, उंबऱ्याच्या बाहेर उभी. आत ये म्हटलं तरी यायची नाही, चहा घ्यायची नाही. एका दमात म्हणायची, "उद्या अकराला पाटलाच्या हितं बारसं हाय, चूल बंद हाय, पाव्हण्यासहित या, मागून म्हणू नका सोजरीनं सांगितलं न्हाई." आणि पुढच्या दारात.

एरवी मात्र ही बाई कशाचंच ठाम उत्तर द्यायची नाही. पाऊस पडंल का मावशी? "काय की, माय." गजाननची पाळी रात्रीची का दिवसाची? "काय की." मला आधी फार राग यायचा. एखाद्या गोष्टीला हो म्हण नाहीतर नाही म्हण. पुढं पुढं लक्षात आलं की तिला जे माहीत नाही ते माहीत नाही असं ती सांगते. आमच्या गल्लीत ही सवय दुसऱ्या कुणालाच नव्हती, मला तर नव्हतीच.

अनिता लग्न होऊन आली तेव्हा सबंध पंगतीच्या भाकरी एकटीनं थापायची. हात इतका चलाख की बाया बघायला उभ्या राहायच्या. मावशीला सुनेचं कोण कौतुक. मग करोनाची ती दुसरी लाट आली. घरोघर ताप. अनितालाही आला. चार दिवस कणकण, तोंडाची चव गेली, आणि उतरला. दवाखान्यात न्यायचीसुद्धा वेळ आली नाही. गल्लीतली धडधाकट माणसं त्या दिवसांत गेली, आपली पोरगी वाचली म्हणून मावशीनं तिची दृष्ट काढली. पुढं पावसाळा संपला, दिवाळी झाली, आणि पोरगी काही मूळपदावर येईना.

नळावरून हंडा आणताना मधेच खाली बसायची. पिठात दोनदा मीठ घालायची, नाहीतर घालायचीच नाही. बोलता बोलता शब्द हरवायचा. "ते, ते, भाकरी भाजायचं द्या," म्हणायची, तवा हा शब्द सुचायचा नाही. उभी राहिली की छातीत धडधड. आणि गोंधळ असा, की एखाद्या दिवशी सकाळी उठून सडा घालायची, धुणं धुवायची, जिना चढून गच्चीवर वाळत घालायची. सगळ्यांना वाटायचं, सुटलो बाबा एकदाचे. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर आडवी. बाया म्हणायच्या, हवं तेव्हा बरं जमतं की हिला. दिसायला काही नाही. ना ताप, ना सूज, ना जखम. तोंडावर तेज होतं तसंच. आजारी माणसानं आजारी दिसावं तरी!

मावशी पार चक्रावून गेली. एक दिवस सुनेला टाकून बोलायची, दुसऱ्या दिवशी तिचेच पाय चेपत बसायची. मला विचारायची, "शारदे, तुला काय वाटतंय? खरं असल का गं?" मी म्हणायची, मला काय विचारतेस, मी काय डॉक्टर आहे?

एका दुपारी ती घाईघाईनं माझ्याकडं आली आणि सरळ खिडकीशी जाऊन पडद्याआड उभी राहिली. म्हटलं, हे काय? तर म्हणाली, "गप. अंगणातल्या चुलीवर दूध ठिवलंय. गिरणीला चालले म्हून सांगून आले. बघू उठती का."

मला हसू आलं आणि रागही आला. पण मशीन थांबवून मीही बघायला लागले. अनिता ओसरीत बाजेवर पडली होती. दूध वर यायला लागलं. ती उठली. खांबापर्यंत आली, खांबाला धरून डोळे मिटले आणि तशीच खाली घसरत बसली. आम्हाला वाटलं आता दूध जाणार. तर ही बसल्या बसल्या, ढुंगणावर सरकत, चुलीपर्यंत गेली. जळतं लाकूड बाहेर ओढलं. दूध वाचलं. मग गुडघ्यांत डोकं घालून तिथंच बसून राहिली, राखेत. तिनं एकदासुद्धा मान वर करून कुणी आहे का ते बघितलं नाही.

मावशी खिडकीपासून बाजूला झाली आणि माझ्या कापलेल्या कापडांवरच मटकन बसली. "नाटक करणारं माणूस आधी बघतं की, कुणी बघायलंय का म्हून," ती म्हणाली. मी विचारलं, मग झालंय काय तिला? "काय की, माय. पर लेकरू खोटं बोलायलं न्हाई." त्या दिवसापासून तिनं सुनेला टाकून बोलणं सोडलं ते सोडलंच.

अनिताचं माहेर पोखर्णीच्या पुढं. तिची आई आली आणि म्हणाली, हे बाहेरचं आहे, पोखर्णीच्या नरसिंहाला नेऊ. मावशी म्हणाली, "देवाला बी दाखवू, डॉक्टरला बी. ज्याच्या हातानं गुण यील त्याचा." शनिवारी नेलं. गर्दी, ऊन, रांग. रांगेत उभ्या उभ्या अनिताचं अंग थरथरायला लागलं, डोळे फिरले आणि ती बसली. मागच्या बाया ओरडल्या, अंगात आलं, अंगात आलं. झालं, एकीनं तिच्या कपाळाला हळद लावली, दुसरी पाया पडली, तिसरीनं विचारलं, आई, माझ्या लेकाचं लग्न कवा जमंल? अनितानं कसंबसं तोंड उघडलं आणि म्हणाली, पाणी. बायांनी तिच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतलं. मावशी मला हे सांगताना म्हणाली, "मी बी हात जोडले व्हते माय, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, असंल बी." मग तिच्या ध्यानात आलं की देव असता तर प्यायला पाणी कशाला मागितलं असतं. तिनं बायांना हटवून पोरीला सावलीत ओढलं.

मग डॉक्टर. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली. सगळं ठीक. रिपोर्ट चांगले आले म्हणून लोक पेढे वाटतात, मावशी दर वेळी रडकुंडीला येऊन परतायची. शेवटी परभणीला एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिनं अनिताला पहिल्यापासून सगळं सांगू दिलं. अनिता शब्द शोधत थांबायची तेव्हा तीही थांबायची. मग म्हणाली, हे खरं आहे. करोनाच्या तापानंतर काही जणांना महिनोन् महिने हे राहतं. थकवा, धाप, धडधड, विसरणं. तपासण्या चांगल्या आल्या म्हणजे आजार नाही असं नसतं. बरं वाटतं त्या दिवशी सगळी कामं उरकायला गेलं की पुढचे दिवस आडवं पडायला होतं, तेव्हा झेपेल त्याच्या अलीकडंच थांबायचं. याला लाँग कोविड म्हणतात.

"अन गोळी?" मावशीनं विचारलं.

त्रास कमी करायला थोडी औषधं आहेत, डॉक्टरीण म्हणाली, पण याला मुळापासून घालवणारी खात्रीची गोळी अजून नाही. बरी होईल, पण कधी ते मला सांगता येणार नाही.

मावशी घरी आली ती आणखीच गोंधळून. "नाव हाय, पर गोळी न्हाई. आजार हाय, पर फोटूत न्हाई. डॉक्टर हाय, पर तिला बी कवा ते म्हाईत न्हाई. आता हे मी गल्लीत कसं सांगू?" पण त्या डॉक्टरणीवर तिचा जीव बसला. माझी खात्री आहे, ती "सांगता येणार नाही" म्हणाली म्हणूनच बसला.

डॉक्टरणीनंच सुचवलं. अशी माणसं तुमच्या गल्लीत अजून असतील, बोलत नसतील. मी रविवारी मानवतला येते, थोड्या बाया जमवा, मी समजावून सांगते. जमवायचं म्हटल्यावर मावशीच्या अंगात बळ आलं. ते तिचंच काम. मी तिच्याकडून चारदा घोकून घेतलं, "मारुतीच्या देवळात सभा आहे, आजाराची माहिती आहे, बायांनी या." मावशीनं करंडा घेतला आणि निघाली. माझ्या दारात आली तेव्हा अगदी बरोबर बोलली, म्हणून मला काही संशय आला नाही.

रविवारी देवळासमोर बघते तर जत्रा. बाया, पुरुष, म्हातारे, काखेत लेकरं, हातात पाण्याचे लोटे. कुणाकडं सेलूचे पाहुणे आलेले, तेही आले. डॉक्टरीण बिचारी इतकी खूश झाली, मला म्हणाली, किती जागरूक गल्ली आहे तुमची! तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पंगत कुठं बसवायलेत?"

मी मावशीला कोपऱ्यात ओढलं. म्हटलं, काय सांगितलंस तू लोकांना? ती आठवायला लागली. पहिल्या दोन दारांत नीट सांगितलं होतं. पुढं हात चौकटीला लागला आणि तोंड आपोआप चालू झालं. आयुष्यभर त्या चौकटींना धरून तिनं जे म्हटलं तेच ती म्हणाली. चूल बंद, पाव्हण्यासहित. "माझ्या तोंडून गेलं का काय की," म्हणाली आणि करंडा हातात धरून नुसती उभी राहिली.

मी तिला तिथंच फाडून खाल्लं असतं. पण आवतन देऊन लोकांना उपाशी पाठवणं आमच्याकडं होत नाही, काही झालं तरी होत नाही. देवळाची मोठी पातेली निघाली. कुणी तांदूळ आणले, कुणी डाळ, वाण्यानं तेल दिलं. मी नऊवारीचा काष्टा मारून कांदे चिरायला बसले आणि गल्लीला शिव्या देत राहिले. खिचडी शिजायला वेळ होता, उपाशी माणसं दुसरीकडं जाणार कुठं? डॉक्टरीण उभी राहिली आणि बोलली. अनिताला तिनं शेजारी खुर्चीवर बसवलं होतं.

ऐकलं का लोकांनी? थोडं ऐकलं. एकानं विचारलं, सलाईन लावलं तर? दुसऱ्यानं विचारलं, म्हणजे परत सगळं बंद करणार का? एका बाईनं हळूच आपलं लेकरू अनिताच्या खुर्चीजवळून उचललं. डॉक्टरीण सांगत होती की हे असं एकापासून दुसऱ्याला लागत नाही, तरी तिनं उचललंच. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात. तेवढ्यात मागून धान्याच्या मोंढ्यातला हमाल बाबुराव उठला. हा गडी तापानंतर कामचुकार म्हणून गल्लीत बदनाम. तो म्हणाला, "तिसरं पोतं उचललं की डोळ्यापुढं अंधारी येती. मालक म्हणतो दारू सोड. मी दारू पीतच न्हाई." आणि खाली बसला. त्याची बायको त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्यानंतर एक म्हातारी बोलली, एक शाळेतली बाई बोलली. मग खिचडी झाली आणि सगळे जेवायला बसले, आणि मीठ कमी पडलंय यावर जास्त बोलणं झालं.

मावशीला हवं होतं ते एवढंच, की गल्लीनं अनिताला आळशी म्हणू नये आणि सून घरात टिकावी. झालं उलटंच. सोमवारी जिनिंगवर गजाननला लोकांनी चिडवलं, तुझ्या बायकोच्या आजाराची पंगत झाली म्हणं. तो घरी आला तो जाहीर करतच, "हिला उद्या माहेरी सोडतो. बरी झाली की आणू."

आमच्या गल्लीत "बरी झाली की आणू" म्हणून माहेरी गेलेली एकही सून परत आलेली मी बघितली नाही. गजानन दुष्ट नव्हता, हेही सांगते. त्याच संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "काकू, मला बी काई कळंना झालंय. ती झोपून राहायलीय, आई काम करायलीय, लोक हसायलेत. मी काय करू?" मी त्याच्यावर ओरडले. मला तेवढंच येतं.

मावशीनं सकाळी अनिताची पिशवी भरली, तिच्या शेजारी आपलीही भरली. गजानन म्हणाला, तू कुठं चाललीस?

"हिच्यासंगं."

"विहिणीच्या दारात जाऊन राहनार? लोक काय म्हणतेल?"

"काय की," मावशी म्हणाली आणि चपला घातल्या. मुलाच्या आईनं सुनेच्या माहेरी जाऊन मुक्काम ठोकलेला कुणी ऐकला होता का? मी तरी नाही. ती दोघींची तिकिटं काढून एसटीत चढलीसुद्धा.

गजाननला घर खायला उठलं. जिनिंगवर आता बायकोचं कुणी विचारत नव्हतं. विचारायचे, आई कुठं गेली रे? काय सांगणार? सासरवाडीला राहायलीय म्हणून सांगणार?

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी अनिताचे शिवलेले ब्लाउज घेऊन तिच्या माहेरी गेले. फाट्यावर उतरले, चालत गेले. घर लहान, पुढं लिंबाचं झाड. झाडाखाली बाजेवर अनिता गाढ झोपलेली आणि मावशी विहिणीबरोबर शेंगा फोडत बसलेली. मी हाक मारणार तोच मावशीनं बोट ओठांवर ठेवलं. "कालपासून डोळा लागला न्हवता तिचा," कुजबुजली. मी विचारलं, सुधारणा आहे का? म्हणाली, कधी वाटतं आहे, कधी वाटतं नाही. आज स्वतःचे केस स्वतः विंचरले तिनं. हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता. मीही शेंगा फोडायला बसले.

थोड्या वेळानं मोटारसायकल आली. गजानन. मावशी उठून अंगणाच्या काटक्यांच्या कुडापर्यंत गेली, मी तिच्यामागं.

"चल आई," तो म्हणाला. "लय झालं."

मावशीनं गाडीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "एकीपुरतीच जागा आणलीस रे," ती म्हणाली. रागानं नाही.

झाडाखालच्या बाजेकडं त्यानं एकदा बघितलं. मग गाडी वळवली आणि गेला. विहीणबाई रडायला लागल्या. माझं तोंड सुटणार होतं, पण मावशी परत जाऊन शेंगा फोडायला बसली होती. मी विचारलं, आता काय? ती म्हणाली, "मला बी भ्या वाटायलंय शारदे. गेला तर गेला."

ऊन कलायच्या बेताला धुरळा उडवत एक जीप आली. पोखर्णीहून केलेली. पुढं ड्रायव्हरशेजारी गजानन, आणि मागच्या सीटवर घरून आणलेली गादी अंथरलेली. गादी त्यानं मोटारसायकलवर कशी आणली, की आधीच पोखर्णीत कुणाकडं ठेवून आला होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मावशी तरातरा गेली आणि त्याच्या खिडकीशी हात आडवा धरून उभी राहिली.

"वाजवू नको. लेकरू झोपलंय."

"मावशी, मला दुसरं भाडं हाय," ड्रायव्हर म्हणाला.

मावशीनं गजाननकडं बघितलं. तो खाली उतरला. ड्रायव्हरला म्हणाला, "थांब जरा. गाडी बंद कर."

इंजिन बंद झालं. गजानन येऊन झाडाखाली जमिनीवर बसला. विहिणीनं पाणी दिलं ते त्यानं आवाज न करता प्यायलं. ऊन बाजेवर सरकत आलं तशी मावशी उठली आणि आपला पदर दोन्ही हातांनी ताणून अनिताच्या तोंडावर सावली धरून उभी राहिली. माझी शेवटची एसटी होती, मला निघावं लागलं. महिन्याभरात मी मुलाकडं परभणीला राहायला आले. त्या दिवशी निघताना मी मागं वळून बघितलं तेव्हा अनिता अजून उठलेली नव्हती, आणि कुणी तिला उठवतही नव्हतं.